पाणी आधी उताराने, मग मोटारीने

एका टाकीतलं पाणी दुसऱ्या टाकीत न्यायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो मोटार किती एचपीची घ्यायची हा. दुकानात गेलं की उत्तरही लगेच मिळतं आणि पुष्कळदा गरजेपेक्षा मोठी मोटार घरी येते. त्याआधी विचारायला हवं ते असं: दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत फरक किती, आणि कोणती पातळी वर? फरक आपल्या बाजूचा असेल तर वीज, स्टार्टर, केबल यांतलं काहीच लागत नाही. उलट असेल तरच मोटारीकडे वळायचं, आणि तेव्हाही ती किती मोठी हवी हे तो फरकच सांगतो.

हा फरक नजरेने ठरवू नका. शेतात दोनशे फुटांवरचा हौद खाली आहे असं वाटतं आणि मोजल्यावर तो हातभर वर निघतो. बांध, झाडं, नांगरट यांमुळे उताराचा अंदाज हमखास चुकतो. गवंडी पातळी जुळवायला पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि दोघांनी दोन टोकं दोन ठिकाणी उभी धरा. पाणी स्थिरावलं की दोन्ही टोकांतली पातळी एक असते. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजायचं आणि वजाबाकी करायची. लांब अंतर असेल तर टप्प्याटप्प्याने पुढे सरकत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

मोजताना वरच्या टाकीचा तळ नव्हे, त्यातल्या पाण्याचा पृष्ठभाग धरायचा. खालच्या बाजूला पाइपाचं तोंड हवेत उघडं असेल तर त्या तोंडाची उंची धरा. ते पाण्यात बुडालेलं असेल तर खालच्या टाकीतल्या पाण्याची पातळी धरा. टाकी रिकामी होत जाते तसा फरक कमी होतो आणि धार बारीक होते. म्हणून हिशेब भरलेल्या टाकीवर करू नका. टाकी पाव उरली असताना पाणी किती वेगाने यायला हवं, ते धरून करा.

पाइप जाड घ्या

उताराने येणाऱ्या पाण्याला ढकलायला फक्त ती उंची असते. दोन मीटरचा फरक म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर अवघा २०० ग्रॅमचा दाब. एवढ्याशा दाबात पाणी आणायचं तर वाटेतलं घर्षण कमी ठेवावं लागतं, आणि त्याचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे पाइपाचा व्यास. लोक इथे पैसे वाचवतात आणि मग 'उताराने पाणी येत नाही' म्हणून मोटार बसवतात.

एक हिशेब मांडतो. पातळीत २ मीटरचा फरक आहे आणि पाइप ६० मीटर लांब आहे. पाइपाचं आतलं माप एक इंच असेल तर तासाला साधारण सव्वा ते दीड हजार लिटर पाणी येईल. तोच पाइप आतून दोन इंची घेतला तर तासाला आठ हजार लिटरच्या आसपास. व्यास दुप्पट केला की पाणी दुप्पट होत नाही, चौपटही नाही. जवळपास सहापट होतं. म्हणून उताराच्या कामाला बारीक पाइपाच्या दोन ओळी टाकण्यापेक्षा जाड पाइपाची एक ओळ केव्हाही चांगली. पाइप घेताना आतलं माप विचारा. एचडीपीई पाइपाचा मिलिमीटरचा आकडा बाहेरचा असतो आणि जाड भिंतीच्या पाइपात आतली जागा बरीच कमी भरते.

जोडही जपून निवडा. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड, आणि ग्लोब व्हॉल्व्हऐवजी पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह किंवा गेट व्हॉल्व्ह. मोटारीच्या दाबापुढे या गोष्टी खपून जातात. दोन मीटरच्या उतारावर त्या अंगावर येतात.

हवेला वाट द्या

पाइप जाड आहे, उतार आहे, तरी पाणी येत नाही, ही तक्रार फार ठिकाणी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण हवा असते. पाइप जमिनीच्या चढउतारावरून गेला की प्रत्येक उंचवट्यावर हवा अडकते. उताराचं पाणी तिला ढकलू शकत नाही, आणि तिथे बूच लागल्यासारखं होतं.

ही अडचण आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना चांगली माहीत होती. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्याच्या हौदांपर्यंत नळ आणला गेला, तो पूर्णपणे उताराच्या जोरावर. त्या मार्गावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते, म्हणजे नळातली हवा बाहेर जायची आणि आत डोकावून गाळ काढायची जागा. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला डोंगराकडून येणारं पाणी बंद नळातून आधी खाली उतरतं आणि मग भिंतीत वर चढून धारेने कोसळतं. पाणी उगमाच्या पातळीपेक्षा वर जाणार नाही, पण नळ बंद असेल तर त्या पातळीच्या जवळ ते पुन्हा चढतं, या एका नियमावर ती सगळी रचना चालते.

तुमच्या पाइपलाइनीलाही तेच करायचं आहे. चर खणताना उतार एकसारखा ठेवता आला तर उत्तम. नाही जमलं तर प्रत्येक उंचवट्यावर टी बसवून त्यातून अर्धा इंची उभा पाइप काढा आणि त्याचं तोंड वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्या. तो कायम उघडा राहिला तरी चालतो. उभा पाइप नको असेल तर तिथे एअर व्हॉल्व्ह लावा. खोलगट जागी गाळ साचतो, तिथे वॉशआउटचा व्हॉल्व्ह ठेवा आणि पावसाळ्यानंतर तो एकदा उघडून लाइन धुवा.

शेततळ्याचा सायफन

महाराष्ट्रात या विषयाचं सर्वांत मोठं मैदान म्हणजे शेततळं. राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली सुरू झाली, त्याच्या आधीपासूनही नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांनी प्लॅस्टिक कागदाची तळी केली होती. वर ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर असं तळं, एकास एक उताराचं असेल, तर त्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. अशा कागदाच्या तळ्यांत पाण्याचा बराच भाग भरावामुळे जमिनीच्या वर असतो. म्हणजे उंची आयतीच मिळालेली असते. अडचण एवढीच की कागदाला भोक पाडून पाइप बाहेर काढणं धोक्याचं. भोकाभोवतीचं वेल्डिंग एकदा सुटलं की गळती सापडत नाही आणि भराव खचतो. म्हणून पाणी भरावावरून चढवून बाहेर घ्यायचं, म्हणजे सायफन.

सायफनमध्ये पाणी आधी वर चढतं आणि मग खाली उतरतं. बाहेरचं टोक तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं की बाहेरच्या बाजूचा पाण्याचा स्तंभ भारी ठरतो आणि तळ्याच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब मागचं पाणी माथ्यावरून पुढे ढकलतो. हवेचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाणी तोलतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ठिकाणी पावणेनऊ मीटरच्या आसपास. ही कागदावरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात पाण्याच्या पातळीपासून पाइपाचा माथा पाच-सहा मीटरच्या आत ठेवा. तळं रिकामं होत जाईल तशी ही चढण वाढत जाते, हे आधीच धरून चाला.

सायफन बसवायचा असा. पाइप कडक घ्या, एचडीपीई किंवा पीव्हीसी. मऊ नळी माथ्यावरच्या ओढीने आत चपटी होते. तळ्यातल्या टोकाला जाळीसह फूटव्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत खाली जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा आणि ते टोक तरंगत्या कॅनला बांधून पृष्ठभागाखाली हात-दीड हात लोंबू द्या. त्यामुळे तळाचा गाळ ओढला जात नाही आणि जाळीच्या धारा कागदावर घासत नाहीत. माथ्यावर टी बसवून त्याला घट्ट बसणारं झाकण ठेवा. बाहेरच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह. आता बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून टीमधून बादलीने पाणी ओता. दोन्ही बाजू भरून बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहा, घाई करू नका. मग झाकण टेफ्लॉन टेप लावून आवळा आणि बाहेरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. पाणी थांबवायचं असेल तेव्हा बाहेरचाच व्हॉल्व्ह बंद करा. पाइप भरलेला राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादल्या ओताव्या लागत नाहीत.

सायफन सुरू होऊन थोड्या वेळाने तुटत असेल तर जोड तपासा. माथ्याजवळ पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथला सैल जोड पाणी गाळत नाही, हवा शोषतो. ओल दिसत नाही म्हणून जोड चांगला, असं इथे म्हणता येत नाही. जोडाभोवती ओला चिकणमातीचा लेप द्या. सायफन टिकला तर दोष तिथेच होता असं समजा आणि तो जोड पुन्हा बसवा.

या पाण्याकडून काय मागायचं हेही आधी ठरवा. खालच्या हौदात पाणी घेणं, पाटाने भिजवणं, जनावरांचा टाका भरणं, हे सगळं उत्तम होतं. नेहमीच्या ठिबक संचाला मात्र फिल्टरसह साधारण एक किलो दाब लागतो, म्हणजे १० मीटर उंची. ती भरावातून मिळत नाही. एक ते तीन मीटरवर चालणारे कमी दाबाचे ठिबक संच मिळतात, ते लहान क्षेत्राला आणि भाजीपाल्याला पुरतात. मोठ्या बागेला मोटार लागणारच. तरीही तळं वर असल्याचा फायदा उरतो. वीज रात्री-अपरात्री येते, तेव्हा विहिरीतून तळं भरून ठेवायचं आणि पिकाला हवं तेव्हा, वीज असो वा नसो, पाणी खाली सोडायचं. माझ्या मते शेततळ्याचा हा उपयोग साठवणीइतकाच मोलाचा आहे.

घरी ड्रम किंवा टाकी रिकामी करायलाही सायफन चालतो. अर्धा इंची नळी पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्या, एक टोक अंगठ्याने बंद करून बाहेर काढा, खाली न्या आणि सोडा. पाच मीटर नळी आणि सरासरी मीटरभर फरक असेल तर २०० लिटरचा ड्रम अर्ध्या तासाच्या आसपास रिकामा होतो. नळी तोंडाने ओढू नका. साठवणीचं पाणी पोटात जाणं वाईटच, आणि ड्रममध्ये कधीकाळी औषध किंवा खत कालवलेलं असेल तर ते जिवावर बेतू शकतं.

शेजारच्या दोन टाक्या

गच्चीवर एक टाकी पुरत नाही म्हणून शेजारी दुसरी ठेवतात आणि दोन्ही तळाशी पाइपाने जोडतात. पाणी आपोआप एका पातळीला येतं. त्यासाठी दोन्ही टाक्यांची वरची कड एकाच उंचीवर हवी. एक टाकी बसकी असेल तर ती आधी भरून वाहू लागते आणि उंच टाकी कधीच पूर्ण भरत नाही. जोडपाइप भरण्याच्या पाइपापेक्षा जाड ठेवा, त्यात व्हॉल्व्ह आणि युनियन द्या, म्हणजे एक टाकी धुताना दुसरी चालू राहते. पाणी एका टाकीत पडू द्या आणि घराकडे जाणारा पाइप दुसऱ्या टाकीतून काढा. दोन्ही कामं एकाच टाकीवर ठेवली तर दुसरीतलं पाणी दिवसेंदिवस हलत नाही. ओव्हरफ्लोचा पाइपही भरण्याच्या पाइपापेक्षा एक माप मोठा हवा. आणि टाकी वाढवण्याआधी खालच्या स्लॅबचा विचार करा. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. टाकी शक्यतो तुळई किंवा खांबाच्या माथ्यावर येऊ द्या, आणि इमारत जुनी असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय वजन चढवू नका.

मोटार घ्यावीच लागली तर

खालच्या टाकीतून गच्चीवर पाणी न्यायला मोटारीला पर्याय नाही. इथे पाटीवरचे दोन आकडे लोकांना चकवतात. कमाल हेड ३० मीटर आणि कमाल डिस्चार्ज तासाला ३,००० लिटर असं लिहिलेलं असतं, पण या दोन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल हेडला पाणी शून्य असतं आणि कमाल डिस्चार्ज अगदी कमी उंचीवर मिळतो. दुकानदाराकडे त्या मॉडेलचा तक्ता मागा आणि तुमच्या उंचीसमोर किती लिटर लिहिलेत ते बघा.

उंचीत घर्षण मिळवावं लागतं. तासाला २,००० लिटर पाणी ३० मीटर लांबीच्या इंची पाइपातून नेलं तर घर्षणाचे साधारण २ मीटर धरावे लागतात. तोच पाइप पाऊण इंची असेल तर सात-आठ मीटर. तीन मजल्यांच्या घराला १२ मीटर उंची असेल, तर एका पाइपात मोटारीचं काम १४ मीटरचं आणि दुसऱ्यात २० मीटरचं. पाइपाच्या किमतीतली बचत अशी रोजच्या विजेत जाते. अशा घराला इंची पाइप असेल तर अर्ध्या एचपीची चांगली मोटार बहुधा पुरते, आणि ती तासाला साधारण अर्धा युनिट घेते.

मोटार वर ढकलायला तगडी असते, खालून ओढायला कमजोर. ओढण्याचं काम इथेही हवेचा दाबच करतो, त्यामुळे सायफनची मर्यादा तिलाही लागू आहे. मोटार पाण्याच्या शक्य तितकी जवळ आणि शक्य तितकी खाली बसवा. टाकी जमिनीवर असेल तर मोटार तिच्या तळाशेजारी ठेवा, म्हणजे पाणी आपोआप मोटारीत उतरतं आणि हवा धरण्याचा प्रश्न राहत नाही. टाकी जमिनीखाली असेल तर सक्शनला फूटव्हॉल्व्ह लावा, सक्शनचा पाइप मोटारीच्या तोंडापेक्षा बारीक करू नका आणि तो मोटारीकडे सतत चढता ठेवा. पाणी कमी करायचं असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबा, सक्शनचा कधीच नाही.

कोरडी मोटार काही मिनिटांत सील जाळते, कारण सीलला थंडावा पाण्याचाच असतो. म्हणून ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर घेताना फक्त वरची टाकी भरल्यावर बंद होणारा घेऊ नका. खालची टाकी संपल्यावरही बंद करणारा, दोन फ्लोटचा घ्या. शहरात नळाला दिवसाआड पाणी येतं तिथे हा खर्च एका उन्हाळ्यात वसूल होतो. आणि मोटार थेट नगरपालिकेच्या नळाला जोडू नका. लाइनीत ओढ बसली की शेजाऱ्याचं पाणी तुटतंच, शिवाय फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी सगळ्या गल्लीच्या नळात शिरतं. आधी नळाचं पाणी खालच्या टाकीत उताराने पडू द्या, मग तिथून उचला.

उलटं वाहणारं पाणी

वरच्या टाकीत भरणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर मोटार बंद झाल्यावर त्याच पाइपाने पाणी खाली परतू शकतं. आपल्या नकळत तोही एक सायफनच होतो. तोंड ओव्हरफ्लोच्या वर ठेवा आणि डिलिव्हरीला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह लावा. फवारणीच्या टाकीत पाणी भरताना तर हे डोळ्यांत तेल घालून पाळा. पाइप औषधाच्या द्रावणात बुडलेला असताना वीज गेली, तर विष विहिरीत उतरतं. पाइपाचं तोंड द्रावणापासून वीतभर वर बांधून ठेवा. ठिबकमधून खत सोडणाऱ्यांनी व्हेंचुरीच्या आधी एनआरव्ही लावलाच पाहिजे.

जिवाची काळजी

पाण्यातली मोटार चालू असताना त्या पाण्यात हात घालू नका. आधी मेन स्विच बंद करा. मोटारीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच हवाच. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत किंवा बंद खोलीत चालवू नका, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. जमिनीखालची टाकी धुवायला उतरायचं असेल तर झाकणं आधीपासून उघडी ठेवा, पंख्याने हवा आत सोडा आणि वर एक माणूस दोर धरून उभा करा. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे लगेच उडी घेऊ नका. आधी हवा सोडा आणि मदत बोलवा.

शेततळ्याचा ओला कागद इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. सायफन बसवण्याआधी तळ्याला चारही बाजूंनी कुंपण घाला, आणि प्रत्येक बाजूला पाण्यापर्यंत पोचणारा गाठी मारलेला दोर खुंट्याला बांधून आत सोडा. हे काम पाइप आणायला निघण्याआधी करा.